चिमीचा निकाल

"थांब! तिथेच थांबव!" कारकून खुर्चीतून अर्धा उठला.

नर्सने रिमोट दाबला. पडद्यावर अंतराळयानातली जेवणाची खोली थिजली. कप्तान हातात कप घेऊन उभा, आणि त्याच्या मागे फोटोंची भिंत. या मालिकेत जो मरतो त्याचा फोटो त्या भिंतीवर लागतो, हे इथे प्रत्येकाला तोंडपाठ होतं. नर्स उठली आणि तिने कोपऱ्यातल्या एका फोटोवर बोट ठेवलं.

"ही बघा. चिमी."

खाली लाँड्रीतलं मशीन गरगरत होतं. मग सगळे हळूच वायरमनकडे बघायला लागले.

चिमी म्हणजे यानावरच्या डॉक्टरची मुलगी. सुरुवातीच्या एका भागात ती मागच्या दारातून बाहेर गेली आणि परत आलीच नाही. कुठे गेली, का गेली, मालिकेने पुढे चकार शब्द काढला नाही. मग काय, या मंडळींना आयतंच रान मोकळं. दर रविवारी दुपारी लाँड्रीच्या माडीवर जमायचं आणि शब्दाचा कीस काढायचा. कारकून म्हणायचा, मेली, लेखक विसरले, विषय संपला. वायरमन म्हणायचा, दाराच्या पलीकडे काळ सावकाश चालतो. तिकडे एक क्षण, इकडे वर्षं. ती येईल तेव्हा गेली तेवढीच असेल. हे सांगताना त्याचा आवाज असा चढायचा की खाली कपडे द्यायला आलेली माणसं वर बघायची.

मंडळ त्यानेच जमवलेलं, आणि नियमही त्याचेच. पडद्यावर दिसतं तेवढंच खरं. शूटिंगवाल्यांची चूक असेल तर ती धरायची नाही. नटनट्यांच्या घरच्या गोष्टी इथे काढायच्या नाहीत. आणि एकदा निकाल लागला की तो विषय कायमचा बंद.

मालिकेची शेवटची वर्षं मात्र त्याने कधी बघितलीच नव्हती. भंगार आहे, म्हणायचा. बाकीच्यांनी बघितली होती, पण जुन्या टीव्हीवर त्या भिंतीचा नुसता चिखल दिसायचा. नर्स मंडळात नवी. नवी, स्वच्छ प्रत तिच्या हाती लागली, आणि मोठ्या हौसेने ती आज घेऊन आली होती. आता वायरमनचा चेहरा बघून तिला वाटत होतं, कुठून ही अवदसा आठवली.

तो नेहमीच्या तपकिरी कोटात बसला होता. जुना कोट, कोपरांवर विटलेला, खालचं एक बटण गायब. लाँड्रीवाल्या ताई म्हणून म्हणून थकल्या होत्या, "अहो, द्या इकडे, आत्ता लावून देते." तो कोट काढायचाच नाही. "जगाच्या तारा जोडतो, स्वतःचं बटण जोडता येत नाही," असं कारकून चिडवायचा. आज कुणी चिडवलं नाही. रिकाम्या काजात अंगठा घालून तो पडद्याकडे बघत होता.

"काका, पाणी देऊ?" नर्सने विचारलं.

कारकून इतकी वर्षं भांडला होता. हा क्षण आला की पेढे वाटीन, असं म्हणत होता. आणि आता जिंकल्यावर त्याला कसलाच आनंद होईना. दोस्ताचं ते तोंड त्याला बघवेना. तो पडद्यापाशी गेला, चष्मा कपाळावर सरकवला, आणि बुडत्याला हात द्यावा तशा घाईने बोलायला लागला.

"अरे, पण हा फोटो तर बघ! पोरीच्या अंगात स्वेटर आहे. यानावर स्वेटर कुठून आला? सगळे करडे डगले घालतात."

"खरंच की," ताई पुढे वाकल्या. "विणलेला पिवळा स्वेटर. बटणंही पिवळी. आणि मध्येच हे एक भलंमोठं, भलत्याच रंगाचं. काळ्या दोऱ्याने टाचलंय, तेही वेडंवाकडं. हे ज्याने लावलं त्याने जन्मात सुई धरली नसेल."

"मग झालं तर!" कारकुनाने टाळी वाजवली. "त्या पोरीच्या घरून कुठला तरी साधा फोटो आणून डकवलाय यांनी. गोष्टीतला नाहीच तो. शूटिंगवाल्यांची ढळढळीत चूक. आणि चूक धरायची नाही, नियम तुझाच आहे. जिंकलास लेका. चिमी जिवंत!"

नर्सने सुटकेचा श्वास टाकला. ताईंनी मान डोलावली. खरं तर तिघांनाही आज हरायचंच होतं.

वायरमनने नुसतं "हो" म्हणायचं होतं. विषय उघडा राहिला असता. पुढच्या रविवारी पुन्हा तेच भांडण, पुन्हा तेच दार, आणि दारापलीकडे चिमी, होती तेवढीच.

तो उठला. पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला. त्या फोटोतली मुलगी हसत होती, समोर फोटो काढणाऱ्याकडे बघून हसतात तशी. त्याला रडू फुटलं आणि त्याने ते लपवलं नाही.

"बंद कर विषय," तो कारकुनाला म्हणाला.

"अरे, पण चूक आहे ना ती..."

"चूक नाही." त्याने फोटोतल्या स्वेटरवर बोट टेकवलं. "हे बटण माझ्या कोटाचं आहे."