आईचे पाय

चित्राचा अर्थ सांगण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. आमच्या दालनाची लाकडी जमीन मात्र इतकी जुनी आहे, की मांजर चाललं तरी करकरते. त्या करकरीच्या वर आवाज चढवूनच मला रोज बोलावं लागतं.

"हा चित्रकार कुणाकडे शिकलेला नाही," मी त्या दुपारी घोळक्याला सांगत होते. "टेबलाभोवती उभं असलेलं हे त्याचं कुटुंब. वडील, मुलगे, ही रिबीनवाली मुलगी. सगळ्यांचे पाय जमिनीपासून वीतभर वर! लोक म्हणतात, बिचाऱ्याला पाय टेकवता येत नव्हते. साफ चूक. आईचे पाय बघा, कसे घट्ट टेकलेत. कारण आई म्हणजे घराचा आधार. ते प्रतीक आहे."

"आधारबिधार काही नाही हो," पायघोळ झगा घातलेल्या एक आजी मागून म्हणाल्या. "दादाला प्रतीकं कुठली ठाऊक? दिसेल तसं काढायचा. ती रिबीनवाली मी."

लोक हसले, मीही हसले. "मग आजी, एकट्या आईचेच पाय कसे टेकले?"

"ती लग्न होऊन आलेली ना," आजी सहज म्हणाल्या. "बाहेरची."

मी उत्तर जुळवू लागले. उत्तर मला सुचतंच.

आजींनी चित्रातल्या आईला डोळे भरून पाहिलं आणि घोळक्यातून वाट काढत त्या निघाल्या. सगळे जागच्या जागी उभे होते.

आजी दारापर्यंत गेल्या. जमीन एकदाही करकरली नाही.