हातावरची भाकरी

पहिली भाकरी मोडली, दुसरी तव्याला चिकटली आणि तिसरी गल्लीतल्या कुत्र्यानं नुसती हुंगून सोडून दिली. तेव्हा कुठं हरिओमनं पिठाच्याच हातानं पाली गावी मायला फोन लावला.

तेलगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला लागून त्याला दोन महिने झाले होते. खानावळीनं पोटाची वाट लावली, म्हणून सत्ताविसाव्या वर्षी गडी स्वयंपाकाला लागला. घरी त्यानं कधी हातानं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

या नोकरीपायी बाप म्हाळू तुटला होता. म्हाळूचा जन्म मेंढरांमागं गेलेला. पोरगाच कळप सांभाळील, ही त्याची आस. हरिओम निघाला त्या दिवशी तो म्हणाला, "आजपासनं मी तुला बोलणार न्हाई." आणि म्हाळू शब्दाचा पक्का. नोकरी हरिओमला आवडली होती, पण बापाचा अबोला घासागणिक आठवायचा.

"माय, भाकरी मोडती गं."

"थांब, मेंढरांच्या वाड्याकडं जाते. तितं रेंज येती," कडूबाई म्हणाली. मेंढरांचं बें बें ऐकू आलं. जरा वेळानं ती म्हणाली, "पाणी कढत घे. पीठ लई मळ."

"पातेल्यात मळलंय. पण थापू कशात? परात न्हाई."

फोनवर पुन्हा नुसतं बें बें. मग माय म्हणाली, "परात कावून लागती? ह्या हातावरनं त्या हातावर थाप. गोळा लहान घे."

मग रोज सातला हाच कार्यक्रम. माय वाड्याकडं जायची, प्रश्न ऐकून थोडं थांबायची आणि नेमकं सांगायची. खलबत्ता नसला तर मिरची तव्यावरच तांब्याच्या बुडानं रगडायची, हेही तिनंच सांगितलं. एवढी वर्षं रांधूनही माय विचार करून बोलते, याचं त्याला कौतुक वाटायचं.

"बा कसा हाय?" तो शेवटी विचारायचा.

"बरा हाय. तू तव्याकडं बघ, करपंल."

महिन्याभरात भाकरी टम्म फुगायला लागली. हरिओम खूश झाला. जिनिंगमधले दोघं-तिघं डबा सोडून त्याच्या भाकरीवर तुटून पडू लागले.

एका रविवारी माय आली. हरिओमनं तिच्या मागं वाकून पाहिलं.

"एकटीच?"

"मेंढरं कोण बघंल?"

त्यानं मायला बसवलं आणि स्वतः भाकरी करून वाढली. तव्यावर ठेचा रगडला. कडूबाईनं पहिला घास घेतला, भाकरी उलटीपालटी करून पाहिली आणि पदरानं डोळे टिपले.

"तिखट लागलं का?"

"न्हाई रं. लई ग्वाड झालीया." ती हात धुऊन उठली. "सर आता. एक मी करते, तू गरम खा."

तिनं पिठाचा गोळा घेतला आणि इकडंतिकडं पाहू लागली.

"परात कुटंय?"

"परात कशाला? हातावर कर की. तूच तर शिकवलंस."

कडूबाई गोळा तसाच हातात धरून हसली.

"मला कुटं येती हातावर? परात नसती ती रानात, मेंढरांमागं. मी तर वाड्यापाशी निसता फोन धरून उभी ऱ्हायची, अन् कानात सांगितलेलं तुला सांगायची."