हवं ते पद

गुरुग्रामच्या त्या सॉफ्टवेअर कंपनीत यंदा पगारवाढ नव्हती. त्याऐवजी मालक खुराना साहेबांनी जाहीर केलं, ज्याला जे पद हवं ते कार्डावर छापून घ्या. चहाच्या वेळेपर्यंत अख्खा मजला व्हाइस प्रेसिडेंट झाला. पन्नाशीच्या राजाभाऊंनी मात्र छापून घेतलं, 'ट्रेनी'.

"यार राजाभाऊ, डोकं ठिकाणावर आहे ना?" शेजारच्या टेबलावरची वृंदा खिदळली.

"बिल्कुल!" राजाभाऊंनी डोळा मारला.

त्यांना हवी होती फक्त संध्याकाळ. करोल बागेत मराठी मंडळाच्या नाटकाची तालीम असायची, आणि दरवर्षी ऑफिसच्या मीटिंगांपायी हातची भूमिका जाऊन राजाभाऊ पडदा ओढायला उरायचे. यंदा खलनायक मिळाला होता, तो काही केल्या सोडायचा नव्हता.

आता ट्रेनीला मीटिंगला कोण बोलावणार? क्लायंटही त्याच्यावर ओरडेनात. राजाभाऊ काम उरकून उजेडातच मेट्रो गाठायचे आणि वाटेत खलनायकाचं हसणं घोटवायचे. डब्यातली माणसं जरा लांबच उभी राहायची.

एके दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. राजाभाऊ 'ट्रेनी'चं कार्ड हातात घट्ट धरूनच आत गेले. बढती देतात की काय!

साहेबांनी दार लावलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "राजाभाऊ, बच्चों के साथ खाना खाए ज़माना हो गया. एक ट्रेनी और चलेगा क्या?"

राजाभाऊ खुर्चीत ऐसपैस टेकले. "देखते हैं सर. आप बायोडाटा छोड़ जाइए."