नवं पाणी

पाण्यात आवाज सोडायचा आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून वाळूच्या कणांचा आकार ओळखायचा, ही पद्धत तिने तीन वर्षं प्रयोगशाळेतल्या काचेच्या टाकीपाशी बसून शोधून काढली होती. ती शोधनिबंधात छापून आली तेव्हा नाव मात्र तिच्या मार्गदर्शक सरांचं एकट्याचं होतं. "अगं, तू मला मुलीसारखी. आपल्यात कसलं तुझं-माझं?" असं म्हणून सरांनी विषय मिटवला. तिने अपमान गिळला.

पुढे बाहेरून तज्ज्ञ मंडळी प्रात्यक्षिक बघायला यायची होती. त्या दिवशी सर सकाळीच येऊन म्हणाले, "हे कालचं पाणी काढून नवं भर. टाकी कशी चकाचक दिसली पाहिजे!"

"बरं, सर," म्हणत तिने टाकी रिकामी केली आणि नळ पूर्ण सोडला.

तासाभरात मंडळी जमली. सरांनी मोठ्या ऐटीत चिमूटभर वाळू पाण्यात टाकली. यंत्राने कण वाटाण्याएवढे दाखवले. सरांनी घाईघाईने बटणं दाबली, तर वाटाण्याचं लिंबू झालं. मागे कुणीतरी फिसकन हसलं. सर तिच्याकडे वळले.

"अगं, बघत काय बसलीस? काय बिघडलंय?"

ती उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काहीच नाही. नुकत्याच भरलेल्या पाण्यात बारीक बुडबुडे असतात, त्यांनी यंत्र फसतं. म्हणून पाणी आधी दिवसभर तसंच ठेवावं लागतं.

"शोध लावणाऱ्याला एवढं ठाऊक असतंच, सर."