तीन मिनिटांची झोप

टण्‌.

चमचा स्टीलच्या पेल्यावर एकदाच वाजला आणि घर पुन्हा गप्प झालं.

तिने कॅमेऱ्यावरचा डोळा काढला नाही. आतल्या खोलीत सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या. आजारपणात त्यांचा आवाज खोल गेला होता, मारलेली हाक दारापर्यंतही पोचायची नाही. त्यावर ही चमच्याची युक्ती त्यांनीच काढलेली. दोन टोले म्हणजे पाणी. तीन म्हणजे असशील तशी धावत ये. आणि एक म्हणजे काहीच नाही. किती वाजले, पंखा जरा कमी कर, किंवा नुसतंच, कुणी आहे ना घरात?

"आले हं, दोन मिनिटं!" तिने बसल्या जागेवरून सांगितलं.

टेबलावर ओल्या वाळूत खोचलेलं जांभळं रानफूल, मागे हिरवा पुठ्ठा, आणि फुलावर पंख मिटून बसलेलं निळं फुलपाखरू. आत्ताच फ्रीजमधल्या डब्यातून काढलेलं. लेक झाल्यापासून तिचं डोंगर तुडवणं संपलं होतं. सकाळी घाईघाईने मागच्या टेकडीवर जायचं, मिळेल ते रान घरी आणायचं आणि घरातल्यांची निजानीज झाली की दुपारी काम. गारठलेलं फुलपाखरू तीन मिनिटं हलत नाही. मग ऊब लागते, ते एकदाच पंख उघडतं आणि उडून जातं. त्या एकदाच उघडण्यात फोटो असतो.

सासूबाईंना हा प्रकार पहिल्यांदा दाखवला तेव्हा त्या कितीतरी वेळ हसत होत्या. "वा गं वा! आधी गारठवायचं आणि खाली छापायचं, 'मुक्त विहार'! माझाही काढ एखादा. मी तर अजिबात हलत नाही."

कॅलेंडरची अकरा पानं झाली होती. बारावं आज हवं होतं, पाच वाजता छापखान्याचा माणूस येणार होता. पाच वर्षांनी हाती आलेलं पहिलं काम. हे चुकलं तर पुन्हा कुणी दारात उभं करणार नव्हतं. आणि फुलावरचं हे धरून फुलपाखरं तीनच होती.

पहिलं पंख न उघडताच फुलावरून कलंडलं. लेक टपूनच बसली होती. साडेचार वर्षांची, एका जागी ठरत नाही म्हणून आजीने तिचं नाव ठेवलं होतं भिंगरी. कलंडलेल्यांना उठवणं हे तिचं खातं. तिने ते ओंजळीत घेतलं आणि तोंड जवळ नेऊन हळूच श्वास सोडला.

"हाऽऽ..."

"फुंकर नाही हं घालायची."

"माहितीये. फुंकर गार असते. हाऽ गरम असतं."

फुलपाखरू उठलं, तिच्या अंगठ्यावर चढलं आणि खिडकीतून गेलं.

"शहाणी माझी. आता जा, आजीला काय हवंय बघ."

दुसरं फुलपाखरू तिने फुलावर बसवलं, तेवढ्यात भिंगरी परतली.

"काय म्हणाली आजी?"

"काहीच नाही म्हणाली. तिचे हात गार आहेत."

"तिचे नेहमीच असतात. पांघरूण घाल तिला. आणि तिथेच बस, गडबड करू नकोस. आईचं थोडंच राहिलंय."

दुसऱ्याने पंख उघडले, पण पाठ फिरवून. तिने ओठ चावला. मग हात पुसले, दुसरं फूल वाळूत खोचलं, पुठ्ठा सरळ केला, उजेड थोडा उतरायची वाट पाहिली. फ्रीजचं दार उघडून मिटलं. तिसरं. शेवटचं.

तिने श्वास रोखला. घरात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. पंखांच्या कडा थरथरल्या. आणि मग ते उघडले, पूर्ण, सावकाश, जणू कुणी पहाटेचं आकाश उलगडून समोर धरावं तसे.

कॅमेरा वाजला.

पडद्यावर तिने फोटो मोठा करून पाहिला. पंखांवरची धूळसुद्धा दिसत होती. तिचे डोळे भरून आले. घड्याळाकडे पाहिलं, तर पाऊण तास होऊन गेला होता. पाऊण तासात चमचा पुन्हा वाजला नव्हता. एरवी दहा मिनिटं निभायची नाहीत. आज सासूबाईंनी किती सांभाळून घेतलं! हा फोटो छापखान्याच्या आधी त्यांना दाखवायचा. म्हणतील, हे बरं हललं गं.

गळ्यात कॅमेरा तसाच ठेवून ती आत गेली.

पेला उशाशी जागेवरच होता. चमचा चादरीच्या घडीत पडला होता, उघड्या राहिलेल्या बोटांपासून वीतभर लांब. पहिल्या टोल्यानंतरच सुटलेला. उरलेले दोन टोले मारायचेच राहिले होते.

घरातली सगळी पांघरुणं सासूबाईंच्या अंगावर होती. रजई, शाल, बाबाचा स्वेटर, भिंगरीचं दुपटं. भिंगरी पलंगावर मांडी घालून बसली होती. आजीचा दुसरा हात तिने दोन्ही तळव्यांत धरला होता आणि तोंड अगदी टेकवून ती श्वास सोडत होती. गाल लाल झाले होते. किती वेळ चाललं होतं, कोण जाणे.

"हाऽऽ... हाऽऽ..."

आई दारातच थांबलेली पाहून तिने मान वर केली. दमली होती, पण आवाज तिने अगदी हळू ठेवला. गडबड करायची नव्हती ना.

"आई, फुलपाखराला तीन मिनिटं लागतात. आजी तर केवढी मोठी आहे. तिला किती लागतील?"