शेठ आला

"सुकलाल म्हणजे देवमाणूस," कोणीतरी पुन्हा म्हणालं आणि निंबाने पुन्हा मांडी बदलली.

दहाव्याचे विधी उरकून माणसं नवागामच्या वस्तीत, सुकलालच्या त्या एका खोलीत दाटीवाटीने बसली होती. नात्यातले वडीलधारे आनंदाबापू गेलेल्याचे गुण सांगत होते. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. खाली मान घालून कामावर जायचं, खाली मान घालून घरी यायचं. निंबाला ते ऐकवेना. खाली मान? सुकलालची? अहो, त्या माणसाने अख्खा कारखाना हसवून लोळवला होता! दोघांचे लूम, कापडाचे यंत्रमाग, समोरासमोर. तिथे खडखडाट असा, की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. बोलायचं ते हातांनी, भुवयांनी. आणि त्या बोलण्यात सुकलालचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्या दिवशी चहाच्या लारीवर, हातगाडीपाशी, सुकलालच्या हातातून ग्लास सुटला, तो स्वतः बाकावर कलंडला, तेव्हाही निंबा खो खो हसला होता. वाटलं, नवी नक्कल असेल. नक्कल नव्हती, सुकलाल गेला होता. तेव्हापासून निंबाला चैन नव्हतं. आताही त्याची बोटं मांडीवर नाचत होती. दहा दिवसांत यांनी सुकलालचा देव केला, अजून महिनाभरात खरा सुकलाल कोणाला आठवणारही नाही, या धास्तीने त्याचा जीव वरखाली होत होता.

"निंबाभाऊ." भिंतीला टेकून बसलेली कलाबाई, सुकलालची बायको, सकाळपासून पहिल्यांदाच बोलली. "कारखानाना लोके येतस नि सांगतस, सुकलाल लई हसाडे. घरमा त्या चार शबद बोलेत नहीत. जेवेत नि झोपी जायेत. माले सांगा ना, काय बोलेत त्या?"

निंबाने तोंड उघडलं, पण शब्द येईनात. सुकलालच्या विनोदांना शब्द कधी नव्हतेच.

"वहिनी, ते सांगता येत नही. करी दाखाडनं पडी."

"मंग दाखाडा."

आनंदाबापू मोठ्याने खाकरले. दहाव्याला नकला म्हणजे अतीच झालं. पण कलाबाईने निंबावरची नजर काढली नाही. शेवटी तो उठला. लोकांनी पाय आखडून जागा दिली.

त्याने गाल फुगवले. दोन्ही हातांनी पँट कमरेला धरली आणि नसलेल्या पोटावरून एक हिसका देऊन वर ओढली.

"हाई म्हंजे, शेठ उना. त्यानं पोट मोठं ना, पँट टिकस नही. सुकलालनी अशी खूण करी, की आम्ही सर्वा सावध."

कोपऱ्यात कारखान्यातले दोघे-तिघे खाली बघून हसू दाबू लागले. कलाबाई मात्र हसली नाही. ती ताठ बसली.

"हाई त्या रोज करेत," ती म्हणाली. "घर उनात, की दारमा उभा राहीसन, माले देखीसन. मी म्हने, बारीक व्हई ऱ्हायनात, पँट ढिली पडस. मी त्यास्नी सर्व्या पँटीस्ले कंबरमा टीप मारी दिधी."

निंबा तिच्याकडे बघतच राहिला. कित्येक महिने सुकलाल कमरेची गुंडी उघडी टाकून, वर सदरा सोडून लूमवर उभा राहत होता. एवढी घट्ट पँट का घालतोस रे, असं विचारलं की तो हीच खूण करायचा. शेठची कृपा! सुकलालच्या पँटीशी शेठचा काय संबंध, ते निंबाला कधीच कळलं नव्हतं.

"वहिनी, तो गुंडी उघडी ठेईसन काम करे," निंबा कसाबसा म्हणाला. "इचारं, तं म्हने, शेठनी करं."

कलाबाईने पदर तोंडावर घेतला. तिचे खांदे गदगदू लागले. शेजारच्या बायका तिला सावरायला पुढे झाल्या आणि तशाच थबकल्या. ती हसत होती.

"घट्ट पँटी घालत ऱ्हायनात," ती म्हणाली, "पन माले सांगं नही!"

हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली. निंबाही हसला, त्या लारीनंतर पहिल्यांदा, आणि हसण्याच्या पाठोपाठ रडू आलं तेही त्याने अडवलं नाही. आनंदाबापू दाराबाहेर बघत राहिले. त्यांच्या मिशा मात्र हलत होत्या.

"भाऊ," डोळे पुसत कलाबाईने विचारलं, "अशी खूण करी, तं समोरनानी काय करानं?"

निंबाने दाखवलं. मान खाली घालायची, चिमटीत न दिसणारं सूत धरायचं आणि त्याला गाठ मारायची. म्हणजे, मी कामातच आहे.

चहा झाला, माणसं पांगली. निंबाने चपला घातल्या. गल्लीत चार पावलं गेल्यावर त्याच्याने राहवेना, त्याने वळून पाहिलं.

उघड्या दारात कोणीच नव्हतं. आत कलाबाई दाराकडे तोंड करून, मान खाली घालून बसली होती आणि चिमटीत काहीतरी धरून गाठ मारत होती.