सकाळचा गुंता

एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊन उभ्या होत्या. त्यांच्या मागे आणखी गाड्या खोळंबल्या होत्या आणि फाट्यावर एक मालगाडी वाट अडवून उभी होती. संगणकाच्या पडद्यावरचं ते चिमुकलं राज्य ठप्प झालं होतं. मुलीने कानोसा घेतला. आतल्या खोलीत बाबा अजून घोरत होते. खुर्ची न वाजवता तिने ती पुढे ओढली.

हा रेल्वेचा खेळ बाबांना थेरपिस्टने लावून दिला होता. पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्यांचा हात हळूहळू सुधारला, पण डोक्यात कामांचा क्रम लागेना. गाळणीत चहाची पूड टाकायचे आणि मग पातेलं शोधत बसायचे. म्हणून हा खेळ. मार्ग आखायचे, थांबे ठरवायचे, आणि कोणी कोणाची वाट अडवणार नाही असं वेळापत्रक बसवायचं. बाबा संध्याकाळी खेळायचे. सकाळी मुलीला गुंता सापडायचा.

पहिला गुंता तिने सोडवला तो निव्वळ मायेपोटी. त्या दिवशी थेरपिस्ट येणार होती आणि तिच्यासमोर बाबांची मान खाली गेलेली मुलीला बघवली नसती. गुंता साधाच होता, एक सिग्नल उलट्या बाजूला लागलेला. तरी तो शोधता शोधता तिला घाम फुटला. ती नोकरी करायची त्या प्रयोगशाळेत तिचं एक मोजमाप चुकलं होतं आणि सगळ्या गटाचं काम पाण्यात गेलं होतं. तेव्हापासून तिने आकड्यांना हात लावला नव्हता. रजा टाकून ती इथे आली होती. लोकांना सांगायला बाबांचं आजारपण होतंच. माउसवर तिचा हात थरथरत होता, आणि दाराआड कोणी नाही ना, हे ती पुन्हा पुन्हा बघत होती.

थेरपिस्टने सुरळीत धावणाऱ्या गाड्या पाहिल्या आणि बाबांची पाठ थोपटली. बाबांनी नुसती मान डोलावली. खरं सांगायची वेळ तिथेच निघून गेली.

मग गुंते अवघड होत गेले. आधी एक गाडी अडायची, नंतर दोन, नंतर अख्खा फाटा. मालगाडीला बाजूच्या रुळावर थांबवून मागची जलद गाडी पुढे काढावी, तर ती जलद गाडी दुसऱ्याच स्थानकात जागा अडवून बसायची. याचा अर्थ तिला समजत होता. बाबांचं डोकं दिवसेंदिवस बिघडत होतं, आणि ते बिघडणं ती रोज सकाळी पुसून टाकत होती. डॉक्टरांपर्यंत जायला हवं होतं ते तिच्या हातून दडपलं जात होतं.

पण तिला सगळ्यात जास्त लाज वाटायची ती वेगळ्याच गोष्टीची. तिला मजा येत होती. डोळा उघडला की ती आधी गुंत्याचा विचार करायची. बाप आजारी होता आणि त्याच्या आजारातून तिला रोज एक नवं कोडं मिळत होतं.

आजचा गुंता सुटला तेव्हा बाहेर फाटक वाजलं. थेरपिस्ट आली होती. बाबाही तोंड धुऊन येऊन बसले. पडद्यावर गाड्या कशा लोण्यातून सुरी जावी तशा चालल्या होत्या.

"काका, तुमच्या गाड्या माझ्या नवऱ्यापेक्षा वेळेवर येतात हो."

"त्याला सिग्नल कोण देतं, त्यावर आहे ते," बाबा म्हणाले.

थेरपिस्ट हसली आणि तिने पेन काढलं. "चला, ही आपली शेवटची भेट. काकांना एकटं राहायला हरकत नाही, असं कळवते. गोळ्याही कमी करायला सांगते डॉक्टरांना."

"थांबा," मुलगी म्हणाली. "गाड्या मी सोडवते. रोज, बाबा उठायच्या आत. त्यांना जमत नाहीये. उलट आणखी बिघडत चाललंय. मी लपवलं तुमच्यापासून."

थेरपिस्टचं पेन कागदावर टेकता टेकता थांबलं. मुलीला बाबांकडे बघवेना. तिने त्यांना परक्या बाईसमोर उघडं पाडलं होतं.

बाबांनी खुर्ची संगणकाकडे वळवली. "ही मालगाडी बघा," ते थेरपिस्टला म्हणाले. "हिला इथे दोन मिनिटं जास्त थांबवली, की ही जलद गाडी अडते. ती अडली की पलीकडचा फलाट अडतो. मग फाटा." त्यांची बोटं भराभर चालत होती. बघता बघता सगळं राज्य ठप्प झालं. "नुसतं अडकवायला काय, कोणीही अडकवेल. पण एकही गाडी धडकता कामा नये, आणि सुटायला वाट एकच हवी. तीही कालच्यापेक्षा जरा लांबची. संध्याकाळभर डोकं शिणतं माझं."

मुलगी पडद्याकडे बघत राहिली. गेल्या सगळ्या सकाळी तिच्या डोळ्यांसमोरून एकामागून एक सरकल्या. आधी एक गाडी. नंतर दोन. नंतर अख्खा फाटा.

"तुम्ही घोरत असायचात," ती कशीबशी म्हणाली.

"घोरणं कसलं. दाराच्या फटीतून बघायचो," बाबा म्हणाले. "मी कधीच बरा झालोय, बाळ. तुझा हात थरथरायचा कधी थांबतो, तेवढ्यासाठी आजारी होतो."